सानगडी सोडून छपारा: वैनगंगेच्या खोऱ्यातील एका पठाण घराण्याची कथा

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी या गावी एका लहान किल्ल्याचे अवशेष आहेत. या किल्ल्याला सहानगड असेही म्हणतात. मराठ्यांच्या इतिहासात ज्या किल्ल्यांची नावे वारंवार येतात त्यांच्या पंक्तीत तो बसत नाही. तो सह्याद्रीतल्या दुर्गांसारखा दुर्गमही नाही आणि त्याच्या तटाखाली एखादी मोठी रणधुमाळी झाल्याचेही कोणी सांगत नाही. तरीही अठराव्या शतकाच्या पाचव्या दशकात, नागपूरकर भोसल्यांचे राज्य देवगडच्या गोंड राज्याच्या जागी उभे राहत असताना, या किल्ल्याने तीन वर्षे दार उघडले नाही, आणि ते उघडले तेव्हा आत असलेला किल्लेदार पराभूत म्हणून नव्हे, तर एका नव्या आणि अधिक मोठ्या मुलुखाचा दिवाण म्हणून बाहेर पडला. त्या किल्लेदाराचे नाव महंमद खान. लढाईपेक्षा सौद्यावर उभे राहिलेले त्याचे घराणे पुढे सिवनीचे दिवाण म्हणून ओळखले गेले. मोठ्या सत्तांच्या पडझडीत लहान सत्ताधीशांचे काय होते, या प्रश्नाचे वैनगंगेच्या खोऱ्याने दिलेले सर्वांत स्पष्ट उत्तर या घराण्याच्या वाटचालीत सापडते.

लहान सत्ताधीश म्हणजे कोण, हे आधी पाहणे आवश्यक आहे. देवगड, म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातील डोंगरी राजधानी, आणि तिच्या अमलाखालील वैनगंगा व कन्हान यांच्या काठचा प्रदेश येथे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत देशावरच्यासारखी देशमुख-देशपांडे यांची घट्ट वतनव्यवस्था रुजलेली नव्हती. राजा एखाद्या पराक्रमी किंवा उपयोगी माणसाला जंगलाचा, घाटवाटेचा अथवा ओसाड पडलेल्या तालुक्याचा ताबा देई. त्या माणसाने तेथे वसाहत करावी, चोरवाटा राखाव्यात, बोलावणे आले की शिपाई घेऊन हजर व्हावे आणि ठरलेली रक्कम दरबारात भरावी, अशी अपेक्षा असे. असा माणूस कागदावर सेवक असे, पण गढीच्या आत तो राजाच असे. न्याय तोच करी, जकात तोच घेई आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे त्याचा मुलगाच त्याच्या जागी बसे. पुढे इंग्रजी अमदानीत ज्यांना सरसकट जमीनदार म्हटले गेले, त्यांतील अनेकांचा उगम या व्यवस्थेत आहे, आणि भंडाऱ्याच्या पूर्व भागात अशा जमीनदाऱ्यांची दाटी होती.

या व्यवस्थेचा सर्वांत कुशल उपयोग बख्त बुलंद शाह या देवगडच्या राजाने केला. घरच्या वारसाहक्काच्या भांडणात मदत मिळावी म्हणून तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, 1686 च्या सुमारास त्याने इस्लामचा स्वीकार केला आणि बख्त बुलंद हे नाव त्याला तेथेच मिळाले. परत आल्यावर त्याने आपल्या राज्यात हिंदू आणि मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे गोळा केली, बाहेरून शेतकरी आणि कारागीर आणून वसवले आणि राजापूर बारसा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्यांच्या समूहातून नागपूर शहराचा पाया घातला. उत्तरेकडच्या दरबारात वावरलेल्या या राजाच्या आगेमागे नशीब काढायला निघालेले पठाण शिपाई असणे स्वाभाविक होते. सानगडीच्या घराण्याचा मूळ पुरुष त्यांपैकीच एक. भंडारा आणि सिवनी या दोन्हीकडच्या परंपरांत त्याच्यासाठी राजा खान आणि ताज खान अशी दोन नावे येतात.

सिवनीकडे सांगितली जाणारी हकिकत अशी, की राजा शिकारीला गेला असता अस्वलाने त्याच्यावर झेप घेतली, तेव्हा या पठाणाने मध्ये पडून ते जनावर मारले, आणि त्या उपकारापोटी राजाने त्याला सेवेत घेऊन डोंगरताल हा त्या काळी बेबंद झालेला तालुका दिला. राजघराण्यांच्या आणि जहागीरदारांच्या उत्पत्तिकथांत राजाचे प्राण वाचवणारा अनोळखी शिपाई इतक्या ठिकाणी भेटतो, की त्याला इतिहासाचा साक्षीदार मानण्याची घाई करू नये. कथेपेक्षा तालुक्याचे स्थान अधिक बोलके आहे. डोंगरताल रामटेकच्या उत्तरेकडील डोंगराळ, जंगली पट्ट्यात, नागपूरच्या मैदानातून सिवनीच्या पठारावर चढणाऱ्या वाटेच्या बाजूस आहे. ही वाट ज्याच्या हाती असेल त्याच्या हाती देवगड राज्याच्या दोन भागांना जोडणारा दुवा असे. तेव्हा बख्त बुलंदाने दिलेले बक्षीस मुळात चौकीपहाऱ्याचे काम होते, आणि ते विश्वासू पण बाहेरच्या, म्हणजे स्थानिक गोंड सरदारांच्या भाऊबंदकीत न अडकलेल्या, माणसाकडे सोपवणे हा राजनीतीचा भाग होता.

डोंगरतालवरून या पठाणाने आपला अंमल दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे वाढवला. तुमसरपासून सुमारे 13 किलोमीटरवर सातपुड्याच्या एका टेकडीवर असलेला अंबागड त्यानेच 1700 च्या सुमारास बांधल्याचे भंडाऱ्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. सानगडीही याच घराण्याच्या ताब्यात आली. उत्तरेला डोंगरताल, मध्ये अंबागड आणि दक्षिणेला सानगडी अशी ही फळी नकाशावर पाहिली, तर वैनगंगेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या असलेल्या एका छोट्या राज्याचा आकार दिसतो. त्याला राज्य असे नाव मात्र कोणी दिले नाही, आणि घराण्यातल्या कोणी ते मागितलेही नाही.

बख्त बुलंदाच्या मागे चांद सुलतान गादीवर आला आणि त्याने राजधानी देवगडच्या डोंगरावरून नागपुरास आणली. त्याच्या मृत्यूनंतर बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वली शाह याने गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानची विधवा रतन कुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून वर येऊ पाहणाऱ्या रघूजी भोसल्यांची मदत मागितली. रघूजींना छत्रपती शाहूंकडून सेनासाहेबसुभा हे पद मिळालेले होते. हे पद म्हणजे वऱ्हाड-गोंडवनाच्या दिशेला चौथाई वसूल करण्याचा आणि त्यासाठी फौज बाळगण्याचा अधिकार. 1738 च्या सुमारास वली शाहचा पराभव झाला आणि बुऱ्हाण शाह व अकबर शाह या दोघा भावांना गादी परत मिळाली. राणीने रघूजींना मानलेला मुलगा समजून राज्याचा वाटा दिला, असे सांगतात. रोकड रकमेखेरीज त्यांच्या पदरी जे परगणे पडले त्यांत आजच्या भंडारा जिल्ह्यातील पवनी होती. मदतीला आलेला शेजारी वाटेकरी होऊन परतला, आणि पाच वर्षांनी दोघे भाऊ आपापसांत भांडू लागले तेव्हा तो मालक होण्यासाठीच आला. 1743 मध्ये बुऱ्हाण शाहच्या बोलावण्यावरून आलेल्या रघूजींनी अकबर शाहला हाकलले. तो हैदराबादेकडे गेला आणि तेथेच विषप्रयोगाने मेला. बुऱ्हाण शाह नागपुरात राहिला, राजा म्हणवला गेला, पण कारभार भोसल्यांच्या हाती गेला.

महंमद खानाची परीक्षा झाली ती या संधिकाळात. राजा खानाच्या मागे तो घराण्याचा प्रमुख झाला होता, आणि देवगडचा राजा रघूजींच्या पंखाखाली गेला तरी त्याने सानगडीचा किल्ला त्यांच्या स्वाधीन करण्यास नकार दिला. आपण गोंड राजाचे चाकर आहोत, किल्ला त्याचा आहे, आणि तो दुसऱ्याला देण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी त्याची भूमिका होती. तीन वर्षे त्याने ती सोडली नाही. या तीन वर्षांतल्या हालचालींचा, मोर्चांचा किंवा तहाच्या बोलण्यांचा तपशीलवार वृत्तांत गॅझेटियरांत नाही. पण इतका काळ टिकाव लागण्याची कारणे त्या काळाच्या इतर घडामोडींवरून आणि त्या प्रदेशाच्या घडणीवरून बरीचशी उलगडतात.

त्या वर्षांत रघूजींचे लक्ष सानगडीसारख्या ठाण्यावर सतत राहणे शक्यच नव्हते. 1740 मध्ये ते कर्नाटकच्या स्वारीवर होते, मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्यांनी चंदासाहेबाला कैद केले, आणि पाठोपाठ त्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाला, जिचा शेवट मार्च 1744 मध्ये भास्कररामाच्या दगाबाजीने झालेल्या खुनात झाला. कावेरीपासून भागीरथीपर्यंत पसरलेल्या या खेळात साकोलीच्या झाडीतला एक हट्टी किल्लेदार म्हणजे पायात रुतलेला काटा होता. तो काढण्यासाठी मोठी फौज अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते आणि तसाच ठेवणेही बरे नव्हते, कारण नागपुराहून छत्तीसगड, ओरिसा आणि बंगालकडे जाणाऱ्या वाटा याच पट्ट्यातून जात. दुसरे कारण पाण्याचे आणि धान्याचे. भंडाऱ्याचा पूर्व भाग हा कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा मुलूख आहे. कोहळी म्हणजे तलाव बांधण्यात आणि ऊस-भाताच्या सिंचनात पारंगत असलेला शेतकरी समाज. पावसाळ्यात हा सारा प्रदेश बांध्यांत साचलेल्या पाण्याने भरून जातो, बैलगाडे आणि तोफा चालत नाहीत, आणि वेढा घालणाऱ्या सैन्याला दरवर्षी चार महिने माघार घ्यावी लागते. आतल्या लोकांना मात्र तेवढ्या काळात कोठार भरून घेता येते. निष्ठेच्या गोष्टीत हवामानाचा वाटा सहसा सांगितला जात नाही, पण तो असतो.

अखेर रघूजींनी जो मार्ग काढला तो त्यांच्या मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून अधिक परिचित असायला हवा होता. महंमद खानाच्या स्वामिनिष्ठेने प्रसन्न होऊन, असे परंपरा म्हणते, त्यांनी त्याला सांगितले, की सानगडी सोड आणि त्याच्या बदल्यात सिवनीचा मुलूख दिवाण या किताबासह घे. महंमद खानाने ते मान्य केले आणि 1743 च्या सुमारास तो सिवनीच्या उत्तरेस वैनगंगेच्या काठी असलेल्या छपारा या ठिकाणी जाऊन राहिला, जेथे बख्त बुलंदाचा नातलग राम सिंह याने आधीच किल्ला बांधलेला होता. घराणे नदीच्या खोऱ्यातच राहिले. फक्त मधल्या भागातून उगमाकडे सरकले, कारण वैनगंगा सिवनीजवळ उगम पावून आधी उत्तरेला छपाऱ्याकडे जाते आणि मोठे वळण घेऊन बालाघाटमार्गे भंडाऱ्यात उतरते.

या सौद्यात दोन्ही बाजूंनी काय मिळवले हे नीट पाहिले, तर 'प्रसन्न होणे' हा शब्द शोभेपुरताच राहतो. रघूजींना नागपूरच्या जवळचा आणि छत्तीसगडच्या वाटेवरचा किल्ला लढाईविना मिळाला. एक चिवट शत्रू त्याच्या स्वतःच्या माणसांच्या आणि गढ्यांच्या जाळ्यातून उपटून शंभराहून अधिक किलोमीटर दूर गेला. आणि उत्तरेला मंडल्याच्या गोंड राज्याच्या सरहद्दीवर एक लढवय्या पहारेकरी फुकटात उभा राहिला. महंमद खानाला अधिक विस्तृत मुलूख मिळाला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फितुरीचा डाग लागला नाही. त्याने किल्ला शत्रूला विकला नाही, तर राजाच्या संरक्षकाच्या हाती परत केला, असे त्याला आणि त्याच्या वंशजांना म्हणता आले. रघूजी स्वतःला गोंड राजाचा संरक्षक म्हणवत, यामुळे या शब्दांच्या खेळाला कायद्याचा आधारही होता. दिवाण हा किताबही त्यात चपखल बसतो. दिवाण म्हणजे दुसऱ्याचा कारभार पाहणारा अधिकारी. मुलूख देताना राजा किंवा नबाब असे नाव न देता दिवाण असे नाव देण्यात देणाऱ्याने आपले वरचढपण राखले, आणि घेणाऱ्याने आपल्या जुन्या चाकरीशी सुसंगती राखली.

अशा अदलाबदलीचे आणि तिच्यामागच्या मानापमानाच्या हिशोबाचे शास्त्र पुढे साठ वर्षांनी युरोपात, विशेषतः जर्मनीत, कागदोपत्री तपशिलाने रचले गेले. त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. पवित्र रोमन साम्राज्य या नावाच्या सैल छत्राखाली शेकडो राजे, राजपुत्र, बिशप आणि स्वतंत्र नगरे नांदत होती, आणि त्यांतील कित्येकांचा मुलूख आपल्याकडच्या एका परगण्याहून मोठा नव्हता. लायनिंगेन हे अशांपैकी एक घराणे. त्याचा मुलूख ऱ्हाईन नदीच्या डाव्या काठावर, ड्युर्कहाइम गावाच्या आसपास होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने तो काठ घेतला आणि 1801 च्या ल्युनेव्हिलच्या तहाने तो फ्रान्सकडे कायमचा गेला, तेव्हा बेदखल झालेल्या राजघराण्यांना नदीच्या उजव्या काठी भरपाई देण्याचे ठरले. ही भरपाई चर्चच्या मालकीच्या जमिनी काढून घेऊन केली गेली. 1803 मध्ये लायनिंगेनच्या राजाला आमोरबाख येथील बेनेडिक्टाइन मठ आणि भोवतालचा मुलूख मिळाला. घराणे ड्युर्कहाइम सोडून तेथे गेले, जसे महंमद खानाचे घराणे सानगडी सोडून छपाऱ्याला गेले होते. पण तीनच वर्षांत, 1806 मध्ये, नेपोलियनच्या आश्रयाखाली मोठ्या जर्मन राज्यांनी लहान राज्ये आपल्यात मिळवून घेतली आणि लायनिंगेनचा बहुतेक मुलूख बाडेनच्या अमलाखाली गेला. या क्रियेला जर्मनीत मीडियाटिझीरुंग म्हणतात. सम्राटाशी थेट संबंध असलेल्या राजाला मधल्या राजाच्या हाताखाली आणणे, असा त्या शब्दाचा अर्थ. अशा राजाचे सार्वभौमत्व जाते, पण जमिनी, वाडे, किताब आणि राजघराण्यांशी बरोबरीने विवाह करण्याचा मान राहतो.

हा शेवटचा मान निव्वळ शोभेचा नव्हता. आमोरबाखला आलेल्या या घराण्यातील एमिख कार्ल (1763–1814) याने 1803 मध्ये साक्स-कोबुर्ग-सालफेल्ड घराण्यातील व्हिक्टोरिया या सतरा वर्षांच्या राजकन्येशी दुसरा विवाह केला. तो वारल्यावर त्याच्या विधवेने 1818 मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राशी, केंटच्या ड्यूकशी, लग्न केले आणि पुढल्या वर्षी तिला जी मुलगी झाली ती राणी व्हिक्टोरिया. म्हणजे 1858 मध्ये भंडारा जिल्हा जिच्या नावाने चालू लागला, तिचा सावत्र भाऊ कार्ल (1804–1856) हा गादी राहिलेल्या पण राज्य न राहिलेल्या लायनिंगेनचा प्रमुख होता. सानगडीच्या घराण्याच्या वाट्याला असे जागतिक सोयरसंबंध आले नाहीत. तरी मुलूख गेल्यावर मानाचे काय करायचे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

छपाऱ्याला महंमद खानाचे आयुष्य निवांत गेले नाही. तो नागपुरास गेलेला असताना, 1751 च्या सुमारास, मंडल्याच्या गोंडांनी छपाऱ्यावर हल्ला केला आणि किल्ल्यातील शिबंदीची मोठी कत्तल झाली. नंतर मराठ्यांच्या मदतीने ठाणे परत घेण्यात आले आणि थांवर नदीच्या बाजूने दोन्ही मुलुखांची हद्द ठरली. सानगडीच्या बदल्यात दिलेला मुलूख हा पहाऱ्याचा मुलूख होता, याचा याहून रोकडा पुरावा दुसरा कोणता असू शकेल? महंमद खानानंतर मजीद खान आणि मजीद खानानंतर महंमद अमीन खान असा वारसा चालला. 1774 मध्ये अमीन खानाने ठाणे छपाऱ्याहून हलवून सिवनीला आणले, आणि आज जे सिवनी शहर दिसते त्याच्या वाढीचा आरंभ या निर्णयापासून धरावा लागतो. तोवर मंडल्याचा धोका पूर्वीसारखा राहिलेला नव्हता. सरहद्दीवरच्या किल्ल्यापेक्षा नागपूर-जबलपूर वाटेवरची पेठ अधिक उत्पन्नाची झाली होती. तीन पिढ्यांत घराणे किल्लेदारीतून बाजारपेठेच्या मालकीकडे वळले.

1798 मध्ये महंमद झमान खान गादीवर आला आणि त्याच्यापाशी ही साखळी तुटली. इंग्रजी गॅझेटियरांत तो अकर्तृत्ववान होता एवढेच म्हटले आहे. या विशेषणावर फार विसंबू नये. ज्याचा मुलूख काढून घ्यायचा तो अकर्तृत्ववान ठरवला जातो, आणि मागून लिहिणारा तेच उतरवतो. दुसऱ्या रघूजींच्या दरबाराला त्या वर्षांत पैशांची निकड होती. 1803 च्या इंग्रजांविरुद्धच्या युद्धात अडगाव आणि गाविलगड येथे पराभव होऊन वऱ्हाड आणि कटक हातचे गेले होते, आणि उरलेल्या मुलुखातून तेवढीच रक्कम काढायची होती. तेव्हा सिवनी झमान खानाकडून काढून खडक भारती नावाच्या गोसाव्याला वर्षाला तीन लाख रुपयांच्या बोलीवर मक्त्याने दिली गेली. मक्ता म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरून बाकीची वसुली स्वतः ठेवण्याचा ठेका. गोसावी हे त्या काळी मध्य भारतात सावकारी, व्यापार आणि सैन्यभरती असे तिन्ही धंदे करणारे संन्यासी होते. मक्तेदाराला रयतेच्या उद्याची काळजी नसते. त्याने वसुलीचा इतका जाच केला की गावे उजाड झाली, असे पुढच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवले आहे. पठाण घराण्याकडे किताब, काही गावे आणि सिवनीतले घर राहिले.

याच काळात मूळ धनी, म्हणजे बुऱ्हाण शाहचे वंशज, नागपुरातल्या आपल्या गढीत नेमणुकीवर राहत होते. नेमणूक म्हणजे राजाला खर्चासाठी दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम. भोसल्यांचा नवा राजा गादीवर बसताना गोंड राजाने त्याला टिळा लावावा, अशी रीत होती. पेशव्यांच्या दरबाराशी हक्कांचा वाद निघाला की आपण गोंड राजाच्या नावाने राज्य करतो, असे सांगण्याची सोय भोसल्यांना यातून मिळे, आणि म्हणूनच ती रीत त्यांनी टाकली नाही. सानगडीचा महंमद खान ज्या राजासाठी तीन वर्षे लढला, त्या राजाच्या घराण्यापाशी शेवटी उरले ते अंगठ्याचे कुंकू.

महंमद खानाला निष्ठेचे फळ मिळाले, हा नियम नव्हता. भंडाऱ्याच्याच इतिहासातले 1818 चे उदाहरण उलट आहे. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांना नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीवर आणि डिसेंबरात नागपुराजवळ इंग्रजांकडून पराभव पत्करावा लागला. मार्च 1818 मध्ये त्यांना अटक झाली आणि मे महिन्यात ते कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत गेले. तेव्हा आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या कामठा येथील कुणबी जमीनदार चिमणा पाटील त्यांच्या बाजूने उठला. त्याच्यावर कॅप्टन गॉर्डन याच्या हाताखाली फौज पाठवली गेली, कामठा पडले आणि चिमणा पाटील कैद झाला. परागंदा धन्यासाठी केलेली त्याची लढाई महंमद खानाच्या लढाईहून वेगळी नव्हती. पण समोर रघूजी नव्हते. कंपनीच्या हिशोबात शत्रूच्या निष्ठेला बक्षीस देण्याचे खाते नव्हते, आणि कामठ्याची जमीनदारी इंग्रजांना साहाय्य करणाऱ्या लोधी घराण्याकडे गेली. मराठी राज्यव्यवस्थेत शत्रूलाही पदरी बांधून घेण्याची जी सवय होती, तिची किंमत आणि तिची मर्यादा या दोन प्रसंगांतून एकदम दिसते. त्या सवयीमुळे रक्तपात टळला, पण त्याच सवयीमुळे प्रत्येक परगण्यात अर्धस्वतंत्र घराणी साठत गेली, ज्यांना पुढे पैशांसाठी उपटावे लागले.

1818 नंतर या घराण्याची जुनी आणि नवी घरे दोन वेगळ्या राज्यांत पडली. सिवनी थेट इंग्रजांच्या सागर-नर्मदा प्रांतात गेली, तर सानगडी आणि अंबागड नागपूरच्या राज्यात राहिले आणि तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारल्यावर पुढील वर्षी खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन सिवनी आणि भंडारा पुन्हा एका सरकारच्या हाताखाली आले, आणि 1956 मध्ये भाषावार प्रांतरचनेने ते पुन्हा वेगळे झाले; सिवनी मध्य प्रदेशात राहिली आणि भंडारा आधी मुंबई राज्यात व 1960 पासून महाराष्ट्रात आला. या राज्यसीमेमुळेच या घराण्याचा इतिहास मराठी वाचकाच्या नजरेआड गेला असावा. भंडाऱ्याच्या इतिहासात महंमद खान सानगडीच्या दारातून बाहेर पडतो आणि नाहीसा होतो. सिवनीच्या इतिहासात तो दारातून आत येतो, पण कोठून आला हे ओझरते सांगितले जाते. 1870 चे मध्य प्रांताचे गॅझेटियर आणि 1908 चे भंडारा गॅझेटियर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय गोष्ट जुळत नाही.

राजा खानाने बांधलेल्या अंबागडाचे नशीब तर अधिकच कडवट झाले. पहिल्या रघूजींनी तो कैदखाना म्हणून वापरला. किल्ल्याच्या आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी कैद्यांना पाजले जाई आणि त्यानेच ते मरत, अशी हकिकत आजही तुमसरच्या बाजूला सांगितली जाते. सानगडीचा किल्ला कैदखाना झाला नाही, राजधानीही झाला नाही. भोसल्यांच्या हाती आल्यावर त्याचे महत्त्व संपले, कारण त्याचे महत्त्व तो दुसऱ्याच्या हाती असण्यातच होते. सिवनीत मात्र दिवाण हा शब्द घराण्याच्या नावाला चिकटून राहिला. पाहण्यासाठी असलेला कारभार 1800 नंतरच्या काही वर्षांत गेला, ज्याचा कारभार पाहायचा तो गोंड राजा त्याआधीच नेमणुकीवर गेला होता, ज्याने किताब दिला त्या भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये बुडाले, आणि विसाव्या शतकात सरकारी गॅझेटियर लिहिले जात होते तेव्हाही महंमद खानाच्या वंशजांना सानगडीच्या बदल्यात मिळालेल्या त्या नावानेच ओळखले जात होते.